खुंट्यांचं झाकण

गाडीवाल्याला दवाखान्याच्या रखवालदाराने पुन्हा एकदा फाटकावरून पिटाळलं होतं, आणि तो किस्सा ऐकून कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी मोकळेपणी हसलं.

"म्हणतो कसा, तुमची ही काळी गाडी दारात उभी राहिली की आतल्या पेशंटांचं ब्लडप्रेशर वाढतं," गाडीवाला सांगत होता. "मी म्हटलं, बाबा रे, आज मी धंद्यावर नाही. पुतण्याला घ्यायला आलोय. तर म्हणे, तुम्ही लोक कुणाला ना कुणाला घ्यायलाच येता!"

हसल्या त्या वहिनी. आत्याने शिवणयंत्रावरून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी हसल्या की हे घर चालू लागतं, हा तिचा जुना अनुभव होता. छोट्या मात्र हसला नाही. नावालाच छोट्या; कारखान्याच्या दारातून आत येताना त्याला वाकावं लागे. तो उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडत होता आणि सोडता सोडता मध्येच थांबत होता.

त्याचं बाळ वेळेच्या फार आधी जन्मलं होतं. इतकं लहान, की नर्सच्या एका पंजात मावायचं. तेव्हापासून ते दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं, आणि छोट्याची बायको त्या काचेला नाक लावून बसलेली. अर्थात या घरात तिला कुणी पेटी म्हणत नसे. इथे पेटी म्हणजे एकच, माणसाला मातीत देताना लागते ती, आणि तिच्यावरच तीन पिढ्यांचं पोट चाललं होतं. म्हणून वहिनींनी पहिल्याच दिवशी त्या यंत्राचं बारसं करून टाकलं होतं: काचघर.

"आज डॉक्टर काय म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

"वाट बघू म्हणाले."

"मग बघू की! आपल्याला कुठे जायचंय? बाळ घरी येणार. मी सांगून ठेवलंय."

"कुणाला?" गाडीवाल्याने विचारलं.

"वर."

"म्हणजे प्रार्थना नाही, हुकूमच सोडलाय म्हणा की वहिनी."

"तू गप्प बस. तुझ्यासारख्या अल्पविश्वासी माणसामुळेच देवाला दुप्पट काम पडतं."

कोपऱ्यात मिस्तरींचा रंधा चालला होता. मिस्तरी म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा आणि छोट्याचा बाप. बाळ आल्यापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. काम काढायचं, काम संपवायचं, परत काम काढायचं. बायको प्रार्थनेत बाळाच्या शाळेपर्यंत पोचली, तरी यांचा रंधा थांबत नसे. वहिनी त्यावरून फणफणत, आणि आत्याला ठाऊक होतं की हे फणफणणं आजचं नाही, फार जुनं आहे. कशावरून सुरू झालं ते मात्र तिला कधी कळलं नव्हतं.

रोज संध्याकाळी प्रार्थना कारखान्यातच व्हायची, कारण बैठकीच्या खोलीत शेजारीपाजारी मावत नसत. लांबट खोली, भिंतीला टेकून उभ्या तयार पेट्या, खाली ढलप्यांचा ढीग, खिडकीपाशी आत्याचं यंत्र. पेटी भाऊ करायचा, आतलं अस्तर आत्या शिवायची, आणि धाकटा भाऊ, म्हणजे गाडीवाला, ती आपल्या काळ्या गाडीतून पोचवायचा. हा धंदा सुरू केला तो त्यांच्या वडिलांनी, आबांनी. त्यांनी दोन नियम घालून दिले होते. पहिला नियम, झाकणाला सरस लावायचा नाही आणि खिळा मारायचा नाही. लाकडाच्या चार खुंट्या, हाताने दाबून बसवलेल्या. कुणी विचारलं तर आबा म्हणत, "शेवटच्या दिवशी सगळ्यांना उठायचंय. तेव्हा आपल्या कारखान्यामुळे कुणाचा खोळंबा व्हायला नको." लोक हसत, आबाही हसत. पण खुंट्या मात्र ते खरोखरच तशा मनाने बसवत. दुसरा नियम, जिवंत माणसाचं माप घ्यायचं नाही. कितीही आजारी असो, कितीही म्हातारं असो. माप नंतर.

"छोट्या, तुझा हात पोचतो, ती वरच्या फळीवरची ताडपत्री काढ," वहिनी म्हणाल्या. "आज पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही येणार आहेत. खाली अंथरू."

आत्याच्या हातातली सुई थांबली. "राहू दे की. मी घरातली सतरंजी आणते."

"सतरंजी पुरणार आहे का?"

"पुरेल. दोन आणते." ती उठलीसुद्धा. तिकडे रंधा बंद पडला होता. मिस्तरी काहीतरी बोलायला निघाले, पण इतक्या दिवसांची गप्प राहायची सवय. शब्द बाहेर पडेपर्यंत छोट्याने ताडपत्री ओढली होती.

तिच्यामागे पेटी होती. आत्याच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत जेमतेम भरेल एवढी. फिकट लाकडाची, कडा गोल केलेल्या, पॉलिश न केलेली. झाकण वर नुसतंच ठेवलं होतं.

छोट्याने ती दोन्ही हातांनी खाली घेतली आणि बाकावर ठेवली. झाकण उचलून बाजूला ठेवलं.

"ही कुणाची?" त्याने विचारलं.

मिस्तरींनी रंधा बाजूला ठेवला.

"पप्पा, ही ऑर्डर कुणाची आहे?"

"कुणाची नाही," मिस्तरी म्हणाले.

"कुणाची नाही म्हणजे माझीच. माझ्या बाळाचीच आहे ना?" छोट्याचा आवाज चढला नाही, उलट बसला. "रोज दवाखान्यात येऊन काचेतून बघत होतात. मला वाटायचं नातू बघताय. तुम्ही माप घेत होतात."

"छोट्या, ऐक..." गाडीवाला मध्ये पडला. "तुझ्या बापाची धंद्याची सवय. पाऊस यायच्या आधी माणूस छत्री घेतो, तसं..."

"छत्री? काका, छत्री?"

गाडीवाला बाकाकडे वळला. पेटीकडे त्याने आत्ता कुठे नीट पाहिलं होतं. "नाही, चुकलो," तो पुटपुटला आणि भावापासून दोन पावलं सरकून पुतण्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला. "दादा, हे मात्र तू करायला नको होतंस."

आता वहिनी उठल्या. आत्याने आयुष्यात त्यांची पुष्कळ भांडणं पाहिली होती, पण त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला कधी पाहिला नव्हता.

"मी इथे बसून रोज गुडघे झिजवतेय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याच खोलीत, माझ्या डोक्यावरच्या फळीवर हे ठेवलंत? मी एका हाताने मागायचं आणि तुम्ही दुसऱ्या हाताने देवाला नको म्हणून सांगायचं? आबांचा नियम मोडलात. आबांचा जाऊ द्या, माझा विश्वास मोडलात." त्या आत्याकडे वळल्या. "तुला माहीत होतं?"

आत्याला खोटं बोलता आलं असतं. पण झाकण बाजूला होतं आणि पेटीच्या आत नुसतं कोरं लाकूड दिसत होतं. पेटी झाली की अस्तर तिच्याकडेच यायचं, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"होतं," ती म्हणाली. "दादाने कापड आणून दिलं होतं. तोंडाने काही बोलला नाही. हातांनी माप दाखवलं."

"आणि तू शिवलंस?"

"नाही शिवलं."

तिने यंत्राखालची टोपली पुढे ओढली. वरची दोऱ्यांची रिळं आणि चिंध्या बाजूला केल्या आणि तळातून एक झबलं काढलं. पांढरं, मऊ, बाहुलीला येईल एवढं. शिवण बाहेरच्या बाजूला घेतलेली, म्हणजे कोवळ्या पाठीला टोचू नये. अस्तर शिवतानाही ती शिवण अशीच अंगापासून दूर ठेवायची. आबांनीच शिकवलं होतं.

"त्या कापडाचं हे केलं," ती म्हणाली. "उरलंय अजून."

छोट्याने झबलं हातात घेतलं. त्याच्या एवढ्या मोठ्या पंजात ते रुमालासारखं दिसत होतं. 

"बघा!" वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "हिचा विश्वास बघा, आणि तुमचा!"

"विश्वासबिश्वास काही नाही वहिनी," आत्या म्हणाली. "उगाच मला मोठं करू नका. अस्तर घ्यायला बसले की हात चालेनात, एवढंच. रडू यायचं. मग झबलं बेतलं, तर हात चालले. दादाच्या हातांनी त्याला जे करू दिलं ते त्याने केलं, माझ्या हातांनी मला जे करू दिलं ते मी केलं. आम्ही दोघंही भ्यायलेलोच होतो."

मिस्तरी बाकाला टेकून उभे होते. त्यांनी कोपऱ्यातून हातोडा उचलला. "मोडून टाकतो," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"मोडायचं नंतर," छोट्या म्हणाला. "आधी सांगा. का केलीत?"

मिस्तरींनी हातोड्याकडे पाहिलं. मग तो बाकावर ठेवून दिला, आणि आत्याला वाटलं, आता हा पुन्हा गप्प बसणार आणि हे घर दोन तुकडे होऊन जाणार. पण ते बोलले.

"तुझ्या आधी तुझी बहीण होती. ते तुला माहीत आहे."

"हो."

"तिची पेटी मी केली. आबा म्हणाले होते, तू करू नकोस, मी करतो. मी ऐकलं नाही. माझी पोर, मीच करणार. पण हात थरथरत होते. गुण्या लावला तरी काटकोन येईना. फळी वाकडी कापली गेली, खुंट्यांची भोकं जुळेनात. बाहेर माणसं थांबलेली. शेवटी झाकण बसेना म्हणून मी..." त्यांनी बाकावरचा हातोडा दूर सारला. "मी खिळे ठोकले. ती आत असताना. आबांच्या कारखान्यातून खिळे मारलेली एकच पेटी गेली, ती माझ्या पोरीची. तो ठोकण्याचा आवाज अजून जात नाही कानातून. हे बाळ आलं तेव्हा मनात आलं, जगलं तर देवाची कृपा, पण नाही जगलं, तर माझ्या पोराच्या हातात त्या दिवशी हातोडा नको. सगळं आधीच नीट असावं. सरळ असावं. एवढंच मनात होतं. मरावं असं नव्हतं रे."

 वहिनींनी हळूच शेजारची चौकट धरली.

"तो आवाज मी ऐकला होता," त्या म्हणाल्या. "मी पलीकडच्या खोलीत होते. मला सांगितलं होतं, पेटी आबांनी केली. आणि तुमचा हातोडा चालू. मला वाटलं, पोरगी गेली त्या दिवशीसुद्धा हा माणूस कुणाच्या तरी ऑर्डरीला बसलाय." त्यांनी चौकटीवरचा हात काढला. "तेव्हापासून मी तुम्हाला माफ केलेलं नाही. रोज प्रार्थना करते आणि तेवढं सोडून बाकी सगळं बोलते."

"आबांना मीच सांगितलं होतं तसं सांगायला. खिळ्यांचं तुला कळू नये म्हणून."

आत्या बघत राहिली. इतकी वर्षं ती या दोघांच्या मध्ये बसून अस्तरं शिवत आली होती, आणि त्या फणफणण्याचं मूळ हे होतं.

"मला एकच भीती वाटते," मिस्तरी अगदी खालच्या आवाजात म्हणाले. ते आता मुलाशी नाही, बायकोशी बोलत होते. "सगळे उठतील तेव्हा तिला नाही निघता आलं तर? मूर्खपणा आहे, कळतं मला. पण वाटतं."

वहिनी त्यांच्याजवळ गेल्या. या घरात दुसऱ्यांसमोर नवऱ्याचा हात धरायची त्यांची रीत नव्हती, पण त्यांनी धरला.

"कबरीवरची धोंड ज्याने सरकवली, त्याला तुमचे चार खिळे जड जाणारेत का हो?" त्या म्हणाल्या. "आणि खिळे म्हणजे काय, हे त्याला तुम्ही सांगायला हवं? क्रुसावर त्याच्याच हातात गेलेत ते. तोही सुताराच्याच घरातला. वाकड्या फळीवर तो तुमच्यावर रागावेल असं वाटतं तुम्हाला?"

मिस्तरी रडले. मोठ्याने नाही, खांदे तेवढे हलत राहिले. छोट्या पुढे झाला, आणि बापाला मिठी मारायची की नाही हे न कळून त्याने त्यांच्या पाठीवरचा भुसा झटकायला सुरुवात केली. बराच वेळ झटकत राहिला. गाडीवाला नाक शिंकरत म्हणाला, "पुरे आता, कोट फाडशील त्याचा."

एवढ्यात दारात सूनबाई उभी राहिली.

बाळ जन्मल्यापासून ती एकटीने कधी घरी आली नव्हती. केस विस्कटलेले, पायात दवाखान्यातल्या चपला.  गाडीवाल्याने आधार म्हणून भिंतीला टेकलेली पेटीच धरली. वहिनी झटकन बाकासमोर आडव्या झाल्या, आपल्या अंगाने ती छोटी पेटी झाकत.

"काय झालं?" छोट्याने विचारलं. 

"नळी काढली," ती म्हणाली. "दुपारनंतर. स्वतःचा स्वतः श्वास घेतोय. डॉक्टर म्हणाले, अजून काही सांगता येत नाही, पण घेतोय. नर्स बसलीये त्याच्यापाशी."

छोट्या मटकन खाली ढलप्यांतच बसला. वहिनींनी दोन्ही हात वर केले, आणि त्यांची नेहमीची मोठी प्रार्थना सुरू होणार तोच सूनबाईचा चेहरा पाहून त्या थांबल्या. ही आनंदाची बातमी सांगणाऱ्या बाईचा चेहरा नव्हता.

"शेजारच्या काचघरातली मुलगी गेली," सूनबाई म्हणाली. "त्याच वेळी. इकडे माझ्या बाळाची नळी काढत होते आणि तिकडे तिची. तिची आई आणि मी रोज एका बाकावर बसायचो. एकाच डब्यातलं खायचो. तिचा नवरा कामासाठी लांब आहे, उद्याशिवाय पोचत नाही. ती एकटीच दुकानं फिरून आली. सगळीकडे मोठ्या पेट्या. म्हणते, एवढ्या मोठ्या पेटीत माझी मुलगी हरवून जाईल गं." तिने डोळे पुसले. "मला देवाचे आभारसुद्धा मानवेनात मम्मी. तिच्यासमोर कसे मानू? म्हणून आले. पप्पा, आजच्या आज एक लहान करून द्याल?"

 मग वहिनी सावकाश बाजूला झाल्या.

सूनबाईने पेटी पाहिली. पाहताच तिला सगळं कळलं, हे आत्याला तिच्या खांद्यांवरून समजलं. ती जवळ गेली. कडेवरून बोट फिरवलं, आत हात घालून तळ चाचपला. लाकूड कुठेही टोचत नव्हतं.

"माझ्या बाळासाठी केली होती?" तिने विचारलं.

"हो पोरी," मिस्तरी म्हणाले. "मला क्षमा कर."

तिने झाकण हातात घेऊन पाहिलं. "फार चांगली केलीये," ती म्हणाली. "तिला द्या."

मग त्या कारखान्यात जे काम झालं, त्यात कुणाला काही सांगावं लागलं नाही. मिस्तरींनी झाकण बसवून पाहिलं आणि खुंट्यांच्या भोकांना पटाशी लावली. छोट्याने दुसरं टोक धरलं. झाकण पहिल्याच खेपेला बसलं. वहिनींनी आतला भुसा हाताने टिपून काढला, कण अन् कण. पलीकडच्या गल्लीतल्या बायका आल्या त्यांना गाडीवाल्याने दारातच बसवलं, आणि त्या काही न विचारता बसल्या. आत्याने उरलेल्या कापडाचं अस्तर घेतलं. या वेळी हात चालले. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी टाके सरळ पडत होते. तिच्या मनात आलं, भीती काही गेलेली नाही. फक्त आता ती एकटीची राहिली नाही.

अस्तर लावून झाल्यावर वहिनींनी पेटीवर हात ठेवला. सगळे वाट पाहत होते, लांबलचक काहीतरी येणार म्हणून.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "आज रात्री त्या आईजवळ बस." आणि थांबल्या. मग आठवण झाल्यासारखं म्हणाल्या, "आमच्यापाशी आम्ही आहोत." त्यांची एवढी लहान प्रार्थना आत्याने कधी ऐकली नव्हती, आणि इतकी मनातलीही.

गाडीवाल्याने किल्ली काढली. "आज तरी फाटकातून सोडेल का तो?"

"मी सांगते त्याला," सूनबाई म्हणाली.

निघता निघता तिची नजर यंत्रावरच्या झबल्यावर पडली. तिने ते उचललं, उलटंपालटं करून पाहिलं, गालाला लावलं.

"हे त्याचं?"

"त्याचंच," आत्या म्हणाली. "घेऊन जा त्याच्यासाठी."

सूनबाईने नाही म्हणून मान हलवली. झबल्याची नीट घडी केली आणि पेटीत, पांढऱ्या अस्तरावर ठेवली.

"ती नुसत्या दवाखान्याच्या फडक्यात आहे," ती म्हणाली. "तिला हे बरोबर होईल. आमच्यासाठी दुसरं शिवा आत्याबाई."

"आजच शिवते. सकाळपर्यंत..."

"घाई नको. त्याला काचघरात कपडे घालत नाहीत. घरी आला की लागेल." ती दाराशी थांबली, मागे वळली. "आणि जरा मोठं बेता."

गाडी गेल्याचा आवाज विरला. मिस्तरी आणि छोट्या मिळून ताडपत्री अंथरत होते, आणि ती कुठल्या बाजूने सरळ यावरून दोघांचं लगेच वाजलं. आत्याने नवं कापड काढून खिडकीपाशी पसरलं. सवयीने खडूने जुन्याच मापाची रेघ ओढली. मग थांबून तिच्या बाहेर चार बोटांवर दुसरी ओढली, आणि कात्री बाहेरच्या रेघेवरून चालवली.